ग्रीसचा ड्राक्मा गोळा करायचा, तर कुठला काळ निवडावा?

ग्रीसचं आधुनिक चलन गोळा करायला बसलेल्या माणसाला आधी पैशांचा नाही, काळाचा निर्णय घ्यावा लागतो. १८२८ ते २००२ या पावणेदोनशे वर्षांत तिथे आधी फिनिक्स नावाचं चलन आलं, मग एकाच नावाचे तीन वेगवेगळे ड्राक्मा आले (१८३३, १९४४ आणि १९५४चा) आणि शेवटी युरो. दोनदा नोटा कात्रीने कापल्या गेल्या. एका वर्षी तर १०० अब्जांची नोट निघाली. हे सगळं थोडं थोडं जमवू म्हणणाऱ्याकडे दोन वर्षांनी एक डबा उरतो, संग्रह होत नाही. म्हणून आधी निवड करा.

निवडीला पाच पर्याय आहेत: १९व्या शतकातली चांदी, १९२२ आणि १९२६च्या कापलेल्या नोटा, जर्मन-इटालियन ताब्यातला शून्यांचा काळ, १९६६ ते १९७६ची नाणी, आणि शेवटचा ड्राक्मा व युरो. आमचं मत आधीच सांगून टाकतो. नाणं किती जुनं यावर काळ ठरवू नका. जिथे सत्ता बदलली किंवा सरकारने दिलेला शब्द मोडला आणि ते नाण्यावर, नोटेवर नुसत्या डोळ्यांना दिसतं, तो काळ घ्या. या कसोटीवर नाण्यांत १९६६-७६ आणि कागदात १९४४ सगळ्यांच्या पुढे आहेत. कापलेली नोट तिसरी. चांदीला हात सगळ्यात शेवटी लावा.

मराठी माणसाला हे नाव वाटतं तितकं परकंही नाही. ग्रीक ‘द्राख्मे’ प्राचीन काळी व्यापाऱ्यांबरोबर आणि यवन राजांबरोबर भारतात आला आणि त्याचा ‘द्रम्म’ झाला. शिलाहार आणि यादवांच्या काळातल्या लेखांत हा द्रम्म सापडतो. त्याचाच पुढे ‘दाम’ झाला. ‘दाम मोजले’ म्हणताना आपण नकळत ड्राक्माच मोजत असतो.

फिनिक्स आणि ओथोनची चांदी

विक्रेते सगळ्यात आधी पुढे करतात तो फिनिक्स. नव्या ग्रीक राज्याचे पहिले प्रमुख योआनिस कापोदिस्त्रियास यांनी १८२८मध्ये तो काढला. एका फिनिक्सचे १०० लेप्टा. टांकसाळ एजिना बेटावर होती आणि यंत्रं माल्टाहून विकत आणलेली होती. पण राज्याच्या तिजोरीत चांदीच नव्हती. चांदीचे फिनिक्स जेमतेम १२,००० पाडले गेले, तांब्याचे लेप्टा पुष्कळ निघाले, आणि बाजारात कुरुश हे तुर्की नाणंच चालत राहिलं. १८३१मध्ये कागदी फिनिक्स काढले, ते लोकांनी घेतले नाहीत. त्याच वर्षी कापोदिस्त्रियास यांचा नाफ्प्लिओ शहरात खून झाला.

म्हणजे चांदीचा फिनिक्स मुळातच थोडा आणि म्हणून महाग. नवशिक्याने तो घेऊ नये याची कारणं दोन. पहिलं, बनावट नाण्यांचा धोका. दुसरं कायद्याचं. ग्रीसच्या २००२च्या वारसा-कायद्यात १८३०पर्यंतच्या वस्तू प्राचीन ठेव्यात मोडतात. अथेन्सच्या एखाद्या दुकानातून फिनिक्स उचलून परवान्याशिवाय बॅगेत टाकलात, तर विमानतळावर प्रकरण होऊ शकतं. हा काळ हवाच असेल तर तांब्याचे लेप्टा पाहा. त्यावर ज्वाळांतून उठणारा फिनिक्स पक्षी आहे आणि त्याच्या खाली ग्रीक अक्षरांकांत १८२१ लिहिलं आहे. ते तुर्कांविरुद्धच्या उठावाचं वर्ष आहे, नाणं पाडल्याचं नाही. पाडल्याचं वर्ष दुसऱ्या बाजूला असतं. ‘१८२१चं नाणं’ म्हणून कोणी विकत असेल तर त्याला मालाची माहिती नाही, किंवा तुम्हाला नाही असं तो धरून चालला आहे.

बव्हेरियाचा राजपुत्र ओथोन राजा होऊन आला आणि १८३३मध्ये ड्राक्मा सुरू झाला. १ ड्राक्मा सुमारे ४.४८ ग्रॅम, ५ ड्राक्मा सुमारे २२.३९ ग्रॅम, दोन्हीत चांदी ९०%. मोठ्या ५ ड्राक्माच्या बनावट प्रती बऱ्याच फिरतात. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हाताशी नसेल तर हे नाणं घेऊ नका. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरणारच. पण जे झिजलेलं दिसत नाही आणि तरी अर्धा ग्रॅम कमी भरतं, ते परत करा. नाणं जड भरलं तरी संशय घ्या, कारण वापराने नाण्याचं वजन वाढत नाही.

फ्रान्स आणि शेजारच्या देशांनी सारख्या मापाची नाणी पाडायला केलेल्या लॅटिन नाणेसंघात ग्रीस १८६७मध्ये सामील झाला आणि १८६८पासून ड्राक्मा फ्रेंच फ्रँकच्या मापावर आला: १ ड्राक्मा ५ ग्रॅम, चांदी ८३.५%, ५ ड्राक्मा २५ ग्रॅम, चांदी ९०%. ओथोननंतरचा राजा जॉर्ज पहिला याची ही नाणी ओथोनच्या नाण्यांपेक्षा सहज मिळतात. पण एक घोळ समजून घ्या. देशात सरकारने कागदी नोट सक्तीने चालवली होती आणि तिची किंमत घसरलेली होती. साहजिकच चांदी देशाबाहेर गेली आणि ग्रीक ड्राक्मा फ्रान्सच्या बाजारात फ्रँक म्हणून हातोहात फिरला. म्हणून ही नाणी बहुतेक वेळा गुळगुळीत झिजलेली मिळतात. राजाचे केस आणि कान स्पष्ट असलेलं नाणं निम्म्या भावात येत असेल, तर आधी काट्यावर ठेवा.

याच काळात १८९३चं दिवाळं आहे. बेदाण्यांचे भाव कोसळले, कर्जाचे हप्ते थकले, आणि पंतप्रधान खारिलाओस त्रिकूपिस यांच्या कारकिर्दीत देशाने हात वर केले. १८९७मध्ये तुर्कस्तानशी युद्ध हरल्यावर परकी सावकारांनी आंतरराष्ट्रीय नियंत्रण बसवलं. मीठ, रॉकेल, काड्यापेट्या, पत्त्यांचे जोड आणि सिगारेटचा कागद यांच्या मक्तेदारीचं उत्पन्न थेट कर्जफेडीकडे वळलं. इतिहास जबरदस्त आहे, पण तो नाण्यावर दिसत नाही. १८९३-९५च्या तांबे-निकेलच्या ५, १० आणि २० लेप्टांवर मुकुटच आहे, कर्ज नाही. आमच्या यादीत हा काळ मागे पडतो तो यामुळे.

कात्रीने कापलेली नोट

१९२२च्या वसंतात ग्रीस आशिया मायनरमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, तुर्कांशी चाललेल्या युद्धात अडकला होता. १९२०च्या अखेरीस राजा कॉन्स्टंटाईन परतल्यावर मित्रराष्ट्रांनी कर्जाचा हात आखडता घेतला होता आणि सैन्याला द्यायला पैसा नव्हता. अर्थमंत्री पेत्रोस प्रोतोपापादाकिस यांनी उपाय काढला तो असा: नॅशनल बँकेची नोट मधोमध कापायची. डावा अर्धा, ज्यावर बँकेचे संस्थापक गेओर्गिओस स्ताव्रोस यांचं चित्र आहे, तो निम्म्या किमतीला चलनात राहील. उजवा अर्धा, ज्यावर मुकुट आहे, तो सरकारला देऊन कर्जरोखा घ्यायचा. म्हणजे १०० ड्राक्माच्या नोटेचे ५० खिशात राहिले आणि ५० सरकारने सक्तीने उसने घेतले. एका फटक्यात सुमारे दीड अब्ज ड्राक्मा उभे राहिले. ग्रीस युद्ध तरीही हरला. नोव्हेंबर १९२२मध्ये, पराभवाला जबाबदार धरलेल्यांवरच्या ‘सहा जणांच्या खटल्या’त, प्रोतोपापादाकिस यांना गोळ्या घालून मारण्यात आलं.

जानेवारी १९२६मध्ये हुकूमशहा पांगालोस यांच्या सरकारने हाच प्रयोग पुन्हा केला, पण प्रमाण बदललं. या वेळी डावा पाऊण भाग पाऊण किमतीला चालला आणि उजवा पाव भाग रोख्यासाठी गेला.

घेणाऱ्यासाठी ओळख यातच आहे. निम्मी नोट असेल तर १९२२, पाऊण असेल तर १९२६. अक्षर वाचता आलं नाही तरी चालेल, फूटपट्टी पुरते. या काळात तिसरी एक खूण आहे: काही अखंड नोटांवर लाल शिक्क्यात ‘निओन’ म्हणजे ‘नवी’ असं छापलेलं असतं. ही नोट १९२२च्या कापाकापीनंतरची, पूर्ण किमतीची, हे दुकानदाराला कळावं म्हणून तो शिक्का. तुकडा, शिक्क्याची नोट आणि पाऊण तुकडा अशा तीनच गोष्टी एका पानावर लावल्या की चार वर्षांचा इतिहास पाहणाऱ्याला न सांगता कळतो. या पर्यायाची खरी ताकद तीच आहे.

अडचणी दोन. पहिली म्हणजे आजची कात्री. जुनी अखंड नोट फाटकी असेल तर ती आज कापून ‘१९२२चा तुकडा’ म्हणून खपवता येते. खरा डावा अर्धा कापल्यानंतर पैसा म्हणून हातोहात फिरला. म्हणून त्याची कापलेली कड इतर तीन कडांइतकीच मळलेली आणि मऊ असायला हवी. बाकीची नोट मळकी आणि कापलेली कड पांढरी, धारदार असेल तर तुकडा सोडून द्या. दुसरी अडचण उलट्या दिशेची: दोन तुकडे चिकटवून ‘दुर्मीळ अखंड नोट’ बनवणं. नोट खिडकीकडे धरून मधल्या उभ्या रेषेकडे पाहा. गोंदाचा पट्टा गडद दिसतो आणि नक्षीच्या रेषा केसभर सरकलेल्या असतात.

तारखांवरून गोंधळून जाऊ नका. ग्रीसने १९२३पर्यंत जुनी ज्युलियन दिनदर्शिका वापरली. तिच्यात आणि आपल्या दिनदर्शिकेत १३ दिवसांचं अंतर होतं. म्हणून नोटा कापण्याचा हुकूम काही ठिकाणी २५ मार्च १९२२चा लिहिलेला दिसेल आणि काही ठिकाणी ७ एप्रिलचा. दोन्ही एकच.

१९४१ ते १९४४: शून्यांचा काळ

कागदी नोटांपासून सुरुवात करायची असेल तर इथूनच करा. कमी पैशात एवढा मोठा इतिहास दुसऱ्या कुठल्याच पर्यायात हाती लागत नाही.

एप्रिल १९४१मध्ये जर्मनी, इटली आणि बल्गेरियाने ग्रीसची वाटणी केली. ताब्यातल्या फौजांचा खर्च ग्रीसच्याच माथी मारला गेला. कर गोळा होत नव्हते, बंदरं अडवलेली होती, १९४१-४२च्या हिवाळ्यात अथेन्समध्ये माणसं उपासमारीने मरत होती, आणि खर्च भागवायला एकच साधन उरलं: छापखाना. १९४३मध्ये २५,००० ड्राक्माची नोट निघाली. १९४४च्या उन्हाळ्यात २.५ कोटींची, १ ऑक्टोबरला ५० कोटींची, ११ ऑक्टोबरला २ अब्जांची, २० ऑक्टोबरला १० अब्जांची आणि ३ नोव्हेंबरला १०० अब्जांची. शेवटच्या टप्प्यात भाव सुमारे सव्वाचार दिवसांत दुप्पट होत होते. लोक घरभाडं, लग्नाचा खर्च, जमिनीचा व्यवहार, सगळं ब्रिटिश सोन्याच्या सॉव्हरिनमध्ये ठरवू लागले. जर्मनांचा आर्थिक प्रतिनिधी हेरमान नॉयबाखर यानेही महागाई रोखायला बाजारात सोनंच विकलं.

११ नोव्हेंबर १९४४ला, सुटकेनंतर महिन्याभरात, नवा ड्राक्मा आला. जुने ५० अब्ज म्हणजे नवा १. आणि ६०० नवे ड्राक्मा म्हणजे ब्रिटिश लष्करी प्रशासनाचा १ पौंड. आता ती १०० अब्जांची नोट हातात घेऊन हिशेब करा. ३ नोव्हेंबरची तारीख असलेली ती नोट आठ दिवसांनी २ ड्राक्माची झाली, आणि एक पौंड घ्यायला तशा ३०० नोटा लागल्या. १०० अब्ज म्हणजे आपल्या मोजणीत १०,००० कोटी. कागद साधा आणि पातळ, छपाई घाईची. नोट बोटांत धरली की छापखान्याची धावपळ जाणवते.

खरेदीचा क्रम आम्ही असा ठेवू: आधी युद्धापूर्वीची बँक ऑफ ग्रीसची एक नोट, मग १९४३ची २५,०००ची, मग १९४४च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या पाच-सहा पायऱ्या, आणि शेवटी नव्या ड्राक्माची एखादी छोटी नोट. आठ-नऊ कागदांत संग्रह पुरा होतो. १०० अब्जांची नोट मधल्या नोटांपेक्षा महाग पडते, कारण सगळ्यांना तीच हवी असते. आधी २ आणि १० अब्ज घ्या, शेवटचीसाठी थांबा.

या काळात फसगत होते ती बहुधा नोट ओळखताना. त्याच सुमारास इटालियनांनी ‘काझा मेदितेरानेआ’ या पतसंस्थेच्या नावाने ड्राक्माच्याच नोटा काढल्या, आयोनियन बेटांसाठी वेगळ्या काढल्या, आणि बँक ऑफ ग्रीसच्या कालामाता, पात्रास अशा शाखांनी टंचाईत स्वतःच्या तात्पुरत्या नोटा छापल्या. शाखांच्या नोटा मुख्य मालिकेपेक्षा महाग असतात. विक्रेता ‘१९४४ची दुर्मीळ नोट’ म्हणाला तर ती अथेन्सची की शाखेची, हे विचारा. अथेन्सच्या सामान्य नोटा भरपूर छापल्या गेल्या आणि रद्द झाल्यावर कोणी जपून मोजल्याही नाहीत. त्यांना दुर्मीळ म्हणणं खोटं आहे.

नाण्यांचा शौक असलेल्याला मात्र या पर्यायात काहीच मिळणार नाही. हा सगळा खेळ कागदाचा आहे.

१९६६ ते १९७६: दहा वर्षांत चार राज्यं

आमची पहिली पसंती ही, आणि तिचं कारण नीट सांगायला हवं.

१९५४च्या १ मेला तिसरा ड्राक्मा आला. त्याआधी एप्रिल १९५३मध्ये मंत्री स्पिरोस मार्केझिनिस यांनी डॉलरचा भाव १५,०००वरून ३०,००० केला होता. मग तीन शून्यं उडवली आणि डॉलर ३० ड्राक्मावर आला. तो १९७३पर्यंत तिथेच राहिला. १९४४च्या नोव्हेंबरपूर्वीचे ५० लाख कोटी ड्राक्मा म्हणजे हा एक नवा ड्राक्मा. इतक्या मोडतोडीनंतर जवळजवळ वीस वर्षं हलला नाही असा हा पैसा. नाणी शांत दिसतात ती त्यामुळेच, आणि राजकारण त्या शांत नाण्यांवर येऊन आदळलेलं स्पष्ट दिसतं.

पहिला थर १९६६-७०चा. ५० लेप्टा, १, २, ५ आणि १० ड्राक्मा. एका बाजूला तरुण राजा कॉन्स्टंटाईन दुसरा, मागे राजचिन्ह. २१ एप्रिल १९६७ला लष्करातल्या कर्नलांनी सत्ता बळकावली. डिसेंबरात राजाने उलट उठाव करून पाहिला, तो फसला आणि तो रोमला पळाला.

दुसरा थर १९७१-७३चा. या काळातलं २ ड्राक्माचं नाणं तळहातावर घ्या. पुढे राजाचा चेहरा आणि ‘कॉन्स्टंटाईन, हेलेनांचा (म्हणजे ग्रीकांचा) राजा’ ही अक्षरं. उलटं करा: ज्वाळांतून उठणारा फिनिक्स आणि त्याच्यासमोर बंदूकधारी सैनिकाची आकृती, हे लष्करी राजवटीचं चिन्ह. राजा चार वर्षांपासून देशाबाहेर आहे, राज्य कर्नल चालवतात, आणि नाण्याच्या दोन बाजूंना दोघेही आहेत. कुठल्याही पुस्तकातलं प्रकरण इतक्या थोडक्यात हे सांगू शकत नाही. फिनिक्स हा पक्षी कापोदिस्त्रियास यांच्या १८२८च्या नाण्यावरचा. १९३०च्या प्रजासत्ताकानेही तो ५ ड्राक्मावर घेतला होता. कर्नलांनी तो उचलला तो राष्ट्राच्या पुनर्जन्माचं चिन्ह म्हणून.

तिसरा थर १९७३चाच. १ जूनला राजेशाही रद्द करून कर्नलांनी प्रजासत्ताक जाहीर केलं. राजा गेला, सैनिकही गेला, फिनिक्स एकटा उरला आणि अक्षरं ‘हेलेनिक प्रजासत्ताक’ झाली. मागे १ आणि २ ड्राक्मावर घुबड, ५ आणि १० वर पंखांचा घोडा पेगासस, २० वर अथीना.

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. १९७३ हे वर्ष राजाच्या नाण्यावरही आहे आणि प्रजासत्ताकाच्याही. नुसतं ‘१ ड्राक्मा १९७३’ मागवलंत तर दोन्हींपैकी काहीही येईल आणि विक्रेता चुकला असं म्हणता येणार नाही. मागवताना ‘राजाचा चेहरा’ किंवा ‘घुबड’ असं लिहा. २० ड्राक्माचेही १९७३चे दोन प्रकार आहेत: एकावर सैनिकासह फिनिक्स आणि मागे घोड्यावरची चंद्रदेवी, दुसऱ्यावर एकटा फिनिक्स आणि अथीना.

चौथा थर १९७६चा. जुलै १९७४मध्ये सायप्रसच्या प्रकरणात राजवट कोसळली, माजी पंतप्रधान कारामानलिस परदेशातून परतले, डिसेंबरच्या जनमतात राजेशाही कायमची गेली. कर्नलांशी जोडला गेल्यामुळे फिनिक्सही नाण्यांवरून हटला. त्याच्या जागी माणसं आली: ५० लेप्टावर बोत्सारिस, १ ड्राक्मावर कानारिस, २ वर काराइस्काकिस हे स्वातंत्र्ययुद्धातले योद्धे, ५ वर ॲरिस्टॉटल, १० वर डेमोक्रिटस आणि मागे अणू, २० वर पेरिक्लीस आणि पार्थेनॉन.

ॲल्युमिनियमचे १० आणि २० लेप्टा धरून चारही थरांत मिळून पंचवीस-तीस नाणी होतात. तांबे-निकेलची नाणी दणकट असतात, भरपूर पाडलेली आहेत, परदेशी नाण्यांच्या ढिगात किलोच्या भावाने सापडतात. कोणी बनावट करण्याइतकी किंमत त्यांना नाही. म्हणून घाई करू नका. झिजलेलं एक नाणं घेण्यापेक्षा चकाकी शाबूत असलेलं मिळेपर्यंत थांबा, फरक फार थोड्या पैशांचा असतो. अपवाद १९६० आणि १९६५चं २० ड्राक्मा: ते ७.५ ग्रॅमचं, ८३.५% चांदीचं आहे. त्याचा भाव चांदीबरोबर हलतो, आणि राजा पावलोसच्या नाण्यांपासून सुरुवात करायची असेल तरच ते या संचात बसतं.

शेवटचा ड्राक्मा आणि युरो

घरात मुलं असतील, किंवा कोणी नातेवाईक युरोपात असतील, तर हा पर्याय जवळजवळ फुकट आहे. १९८२पासून नाण्यांवर ‘द्राख्मै’ जाऊन ‘द्राख्मेस’ आलं, म्हणजे पंडिती ग्रीक जाऊन बोली भाषा आली. १९७६ आणि १९८२ची ५ ड्राक्मा शेजारी ठेवली की शब्दाचा शेवट बदललेला दिसतो. नोटांत १९८३ची ५०० ड्राक्माची जरूर घ्या. तीवर कापोदिस्त्रियास आहेत, म्हणजे फिनिक्स काढणारा माणूस ड्राक्माच्या नोटेवर येऊन बसला. २०० वर क्रांतिकारी लेखक रिगास फेरेओस, ५,००० वर स्वातंत्र्ययुद्धातले सेनापती कोलोकोत्रोनिस, १०,००० वर डॉक्टर पापानिकोलाऊ, ज्यांच्या नावाने आज गर्भाशयमुखाची पॅप तपासणी ओळखली जाते.

घरातल्या जुन्या ड्राक्मांबद्दल बऱ्याच जणांना खोटी आशा असते. १ युरोला ३४०.७५ ड्राक्मा हा दर ठरला होता. म्हणजे १०,०००च्या नोटेचे २९ युरो ३५ सेंट. पण नाणी बदलून घ्यायची मुदत १ मार्च २००४ला आणि नोटांची १ मार्च २०१२ला संपली. आज बँक काहीही देत नाही, किंमत फक्त संग्राहकाची. २०१५मध्ये ग्रीस युरो सोडेल अशी चर्चा जोरात होती. २९ जूनला बँका बंद झाल्या, दिवसाला ६० युरो एवढीच रक्कम काढता येत होती, ५ जुलैच्या जनमतात ६१% लोकांनी कर्जाच्या अटी नाकारल्या. तरी ड्राक्मा परत आला नाही. ‘२०१५चा नवा ड्राक्मा’ म्हणून काही विकायला आलं तर ते शोभेचं छापकाम समजा.

ग्रीक युरोत शोधण्यासारखी एक गोष्ट आहे. २००२ची सगळी नाणी अथेन्सला पाडून पुरी होईनात, म्हणून काही बाहेर पाडली. कडेच्या ताऱ्यांपैकी एकात बारीक अक्षर असतं: १, २, ५, १० आणि ५० सेंटवर ‘एफ’ म्हणजे फ्रान्स, २० सेंटवर ‘ई’ म्हणजे स्पेन, १ आणि २ युरोवर ‘एस’ म्हणजे फिनलंड. भिंग लागतं. युरोपातल्या नातेवाइकांना सुट्ट्या पैशांत २००२चं घुबडाचं १ युरो बाजूला ठेवायला सांगा. सेंटला ग्रीक नाणी अजूनही ‘लेप्टा’च म्हणतात.

पैसा, वेळ आणि धोका

खर्चाच्या क्रमाने लावलं तर युरो आणि शेवटचा ड्राक्मा सगळ्यात स्वस्त, त्याला लागून १९६६-७६, मग १९४४च्या नोटा, मग कापलेल्या नोटा, मग जॉर्ज पहिल्याची चांदी, मग ओथोन, आणि फिनिक्स सगळ्यात वर. फसवणुकीचा धोका जवळजवळ याच क्रमाने वाढतो. अपवाद कापलेल्या नोटांचा: किंमत मध्यम, पण धोका ओथोनच्या चांदीइतका, कारण कात्री कोणाच्याही घरात असते.

वाचायला लागणारं ग्रीक फार थोडं आहे. पायाशी आडवी रेघ असलेला त्रिकोण म्हणजे ‘द’, तसाच पण तळ उघडा असलेला म्हणजे ‘ल’. शब्द पहिल्याने सुरू झाला तर ड्राक्मा, दुसऱ्याने सुरू झाला तर लेप्टा. एका संध्याकाळी जमतं.

साठवणीत आपल्याकडे बिघडतं ते दमटपणामुळे आणि चुकीच्या प्लास्टिकमुळे. मुंबई, कोकण, गोव्यात राहणाऱ्यांनी मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकचे खिसे अजिबात वापरू नयेत. त्यातून सुटणारं रसायन तांब्याच्या लेप्टांवर हिरवा चिकट थर आणतं. कडक पॉलिएस्टरचे खिसे घ्या, डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पावसाळ्यात दर महिन्याला बदला किंवा तापवून सुकवा. नाणी चिंचेने, लिंबाने, दंतमंजनाने घासू नका. चकाकी येते, पण वरचा मूळ थर जातो आणि त्याबरोबर किंमतही.

नोटांना लॅमिनेशन करू नका. उष्णतेने शाई आणि कागद प्लास्टिकला कायमचे चिकटतात, आणि १९४४चा पातळ कागद तर पुन्हा वेगळा करताच येत नाही. घडी मोडायला इस्त्रीही नको. दोन जाड, आम्लरहित कागदांत नोट ठेवून वर वजन ठेवा आणि आठवडाभर तशीच राहू द्या. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. कापलेल्या नोटेची कड तर सरळही करू नका, कारण तिची तीच खूण आहे.

सुरुवात करणाऱ्याने पहिली ऑर्डर तीनच गोष्टींची द्यावी: १९७१-७३चं सैनिकवालं २ ड्राक्मा, १९७३चं घुबडाचं २ ड्राक्मा, आणि ११ ऑक्टोबर १९४४ची २ अब्जांची नोट. पुढचं काय घ्यायचं ते या तिघांना शेजारी ठेवून ठरवा.